फॅरियर म्हणजे लोहार की नालबंद?

प्रश्न असा आलाय की इंग्लंडमधल्या एका खेड्यावरचा लेख मराठीत करताना ब्लॅकस्मिथचा लोहार झाला, पण पुढे फॅरियर आला, मग त्यालाही लोहारच म्हणायचं का?

शब्द आपल्याकडे आहे हो, आणि अगदी नेमका आहे: नालबंद. नाल अरबीतून आलेला, बंद फारसीतला, म्हणजे घोड्याला नाल ठोकणारा. आडनाव म्हणूनही ऐकला असेल. फॅरियरच्या मुळाशी लॅटिन फेरम म्हणजे लोखंड आहे, केमिस्ट्रीत लोखंडाची खूण एफई असते ती त्याच्यावरूनच.

पण तुमचा लेख कुठल्या काळातला आहे ते आधी बघा, कारण शंभरेक वर्षांपूर्वीच्या इंग्लिश खेड्यात ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळी नसायचीच, एकच लोहार फाळ धारेला लावायचा, फाटकाच्या बिजागऱ्या करायचा, सुताराने केलेल्या चाकावर लाल तापवलेली धाव म्हणजे लोखंडी पट्टी चढवून वर पाणी ओतायचा म्हणजे ती आवळून घट्ट बसायची, आणि नांगराचे घोडे दारात उभे असले की नालही तोच ठोकायचा. तिथे खुशाल लोहार लिहा.

मग ट्रॅक्टर आला. फर्ग्युसनचा छोटा राखाडी ट्रॅक्टर 1946 पासून यायला लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शेतातले घोडे भराभर गेले, घोडा गेला तशी लोहाराची रोजची कमाई गेली. कुणी भाता बंद करून गाड्या ट्रॅक्टर दुरुस्त करायला लागला, कुणी शोभेची फाटकं करायला लागला, कितीतरी भट्ट्यांची राहती घरं झाली आणि दारावर 'द ओल्ड फोर्ज', म्हणजे जुनी भट्टी, एवढी पाटी उरली. ही पाटी माझ्या मनाला फार लागते, कामाचं नाव घराला राहिलं आणि काम गेलं.

घोडे उरले ते रपेटीचे नि शर्यतीचे. त्यांना साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नाल बघावे लागतात, म्हणून फॅरियर आता व्हॅनमध्ये गॅसची भट्टी आणि ऐरण घालून तबेल्यावर जातो. 1975 च्या कायद्यानंतर नोंदणी नसलेल्याने नाल ठोकणं तिथे गुन्हा आहे, अगदी स्वतःच्या घोड्याला सुद्धा! या माणसाला लोहार म्हटलं तर चूकच होईल, तो नालबंदच.

आणि मजकूर अठराव्या शतकातला असेल तर अजून एक गोष्ट. लंडनचं व्हेटरनरी कॉलेज 1791 चं, त्याआधी घोड्याला औषधपाणीही फॅरियरच करायचा. तो जर घोड्याला काढा पाजत असेल तर नालबंद पुरणार नाही, तिथे शालिहोत्र या प्राचीन अश्ववैद्याच्या नावावरून आलेला, घोड्याचा वैद्य या अर्थाचा जुना सालोत्री शब्द घ्या.