वैमानिकांची इंग्रजी परीक्षा: उच्चारांच्या आधी काय शिकवावे?

नमस्कार ताई,

आपण कोल्हापुरात इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेता, आपल्याकडे वैमानिकाचे प्रशिक्षण घेणारी दोन मुले आली आहेत, दोघेही दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेले आहेत, आणि त्यांचे उच्चार आधी सुधारावेत की व्याकरण, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे याच परीक्षेची तयारी करून घेत आलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते सुरुवात या दोन्हींपासून करू नये. न समजलेले विचारून घेणे आणि अचानक उद्भवलेली गोष्ट साध्या शब्दांत सांगणे, या दोन गोष्टी आधी शिकवाव्यात.

इकाओ या नागरी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या परीक्षेसाठी उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि परस्परसंवाद असे सहा निकष ठरवले आहेत. प्रत्येक निकषावर एक ते सहा अशी पातळी दिली जाते, आणि सहांपैकी जी सर्वांत खालची, तीच उमेदवाराची अंतिम पातळी धरली जाते. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी लागते. या चौथ्या पातळीच्या वर्णनात मातृभाषेची छाप मान्य केलेली आहे. ऐकणाऱ्याला त्यामुळे कधी कधीच अडचण यावी, एवढीच अपेक्षा आहे. त्यामुळे आपल्या मुलांचे इंग्रजी कोल्हापुरी वळणाचे वाटले तरी घाबरण्याचे कारण नाही. मुले अडकतात ती परस्परसंवादात, कारण शंका आल्यावर खात्री करून घेणे आणि गैरसमज झाला असेल तर तो दूर करणे तिथे तपासले जाते, आणि हे पाठांतराने येत नाही.

हे किती महत्त्वाचे आहे हे पटवण्यासाठी मी मुलांना २५ जानेवारी १९९०ची घटना सांगतो. आव्हियांका कंपनीचे ५२ क्रमांकाचे उड्डाण न्यूयॉर्कजवळ एक तासाहून अधिक वेळ आकाशात ताटकळत राहिले आणि इंधन संपून कोसळले. त्यात ७३ माणसे गेली. इंधन संपत आल्याचे सहवैमानिकाने सांगितले होते, प्राधान्यही मागितले होते, परंतु ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याने उच्चारला नाही, आणि जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रकांना परिस्थितीची निकड उमगली नाही. त्याचे व्याकरण कच्चे होते म्हणून हे घडले नाही. आपले म्हणणे समोरच्याला नेमके कळले आहे का, हे कोणीच पडताळून पाहिले नाही.

आपल्या मुलांच्या बाबतीत दोन गोष्टींकडे खास लक्ष द्यावे लागते. पहिली गोष्ट ‘हो’ची. ‘तुम्ही अजून उतरला नाहीत ना?’ असे विचारले तर आपण सहज ‘हो, नाही उतरलो’ म्हणतो, आणि इंग्रजीत बोलतानाही तोच ‘येस’ तोंडून निघतो, ज्याचा अर्थ तिथे उलटा लागू शकतो. म्हणून नकारार्थी प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच द्यायचे नाही, पूर्ण वाक्य बोलायला लावायचे. दुसरी गोष्ट आकड्यांची. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, त्यामुळे घाई झाली की काही मुले मनातल्या मनात पंचवीसचे बावन्न करतात. एकेक अंक सुटा म्हणण्याची रेडिओवरची रीत इथे फार उपयोगी पडते. रोज दहा मिनिटे आपण आकडे सांगावेत, त्यांनी ते ऐकून लिहावेत आणि परत वाचून दाखवावेत.

कागलचा एक विद्यार्थी माझ्याकडे होता. कुठल्याशा शिकवणीतून तो उत्तरे घोकून आला होता. ठरलेली वाक्ये झरझर म्हणायचा, पण ‘मागच्या रांगेतल्या प्रवाशाला श्वास घ्यायला त्रास होतो आहे, तर नियंत्रकाला सांग’ असे म्हटल्यावर तो गप्प झाला आणि शेवटी नुसते ‘रॉजर’, म्हणजे ‘निरोप मिळाला’, एवढेच म्हणाला. मी त्याला मराठीत विचारले, ‘गगनबावड्याच्या घाटात गाडी बंद पडली तर फोनवर मिस्त्रीला काय सांगशील?’ त्याने क्षणात सांगितले: गाडी चढाला बंद पडली, जळका वास येतोय, धूर नाही, आम्ही चौघे आहोत, माणूस पाठवा. मी म्हटले, याच क्रमाने इंग्रजीत बोल, काय झाले, काय दिसते, किती माणसे, काय हवे. छोट्या छोट्या वाक्यांत, दोन चुका करत, पण न थांबता तो बोलला. एखादा शब्द आठवला नाही तर त्या वस्तूचे वर्णन करून वेळ निभावणे चौथ्या पातळीला मान्य आहे, हे कळल्यावर त्याची भीती बरीचशी गेली.

सराव घेताना दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे चेहरा आणि हातवारे यांचा आधार राहणार नाही. एकाने मुद्दाम अर्धवट किंवा चुकीची सूचना द्यावी आणि दुसऱ्याने ‘से अगेन’ (पुन्हा सांगा), ‘कन्फर्म’ (खात्री करा) किंवा ‘अनेबल’ (जमणार नाही) म्हणून ती सोडवावी. मोठ्यांना परत विचारणे म्हणजे उद्धटपणा, हा आपल्याकडचा संस्कार इथे आड येतो, म्हणून विचारले की शाबासकी द्या, आणि समजले नसताना ‘रॉजर’ म्हटले तर तिथेच थांबवा.

उच्चारांचे काम थोडे आहे. व्हेस्ट आणि वेस्ट यांतला फरक, शब्दाच्या शेवटचा व्यंजनध्वनी न गिळणे आणि वेग, एवढे पुरे. रेडिओवर मिनिटाला शंभर शब्दांच्या वर जाऊ नये असा संकेत आहे, आणि आपली मुले घाबरली की नेमकी वेगाने बोलतात. ‘थ्री’च्या उच्चारासाठी वेळ घालवू नका, कारण रेडिओवरचा अधिकृत उच्चारच ‘ट्री’ असा आहे.

दोघांना एखादे चित्र दाखवून त्यावरचे पाच मिनिटांचे बोलणे आजच मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा आणि सहा आठवड्यांनी तेच चित्र दाखवून पुन्हा घ्या. दोन्ही मुद्रणांत त्यांनी आपणहून प्रश्न किती वेळा विचारला, तेवढेच मोजा.