वाचकांचे प्रश्न : हायडेलबर्गची दक्षिण आशिया संस्था

प्रश्न : मराठीत एम.ए. झालं आहे. धनगरांच्या ओव्यांवर हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत पीएचडी करायची आहे. तिथली 'पेट' कधी असते? (सांगोला)

उत्तर : 'पेट', म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, तिथे नसतेच. आपल्याकडे आधी परीक्षा, मग मुलाखत आणि शेवटी मार्गदर्शक मिळतो. तिथे सुरुवातच मार्गदर्शकापासून होते. प्राध्यापकांनी लेखी होकार दिला की विद्याशाखा तुम्हाला डॉक्टरेटची उमेदवार म्हणून स्वीकारते, आणि मग विद्यापीठात नावनोंदणी होते. म्हणून संस्थेच्या सामाईक पत्त्यावर 'प्रवेश हवा' असं लिहून उपयोग नाही. ज्यांचं काम तुमच्या विषयाला भिडतं अशा एकाच प्राध्यापकांना लिहा, आणि सोबत पाच-सात पानांचा आराखडा जोडा : नेमका प्रश्न, आजवर झालेलं काम, ओव्या कुठल्या गावांतून आणि कशा गोळा करणार.

विद्याशाखा ठरवतानाच बहुतेक जण अडखळतात. संस्था १९६२ची, आणि ती एका विषयाची नसून एका प्रदेशाची आहे. मानववंशशास्त्र, इतिहास, भाषा, राज्यशास्त्र, भूगोल हे सगळं तिच्या छपराखाली चालतं, पण पदवी संस्था देत नाही, विद्याशाखा देते. ओव्यांकडे साहित्य म्हणून पाहिलंत तर तुमची विद्याशाखा वेगळी, धनगरवाड्यावरच्या विधींचा भाग म्हणून पाहिलंत तर वेगळी. विद्याशाखा बदलली की नियम आणि पात्रतेच्या अटीही बदलतात. 'दोन्ही करणार आहे' असं लिहिलेला आराखडा कोणालाच आपला वाटत नाही. आधी ठरवा, मग लिहा.

तुमच्या विषयाचा पाया याच संस्थेत घातला गेला. इथेच शिकवणारे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावरचा जर्मन ग्रंथ १९७६चा आहे, आणि ॲन फेल्डहाऊस यांनी केलेलं त्याचं इंग्रजी भाषांतर १९८९चं. तो वाचल्याशिवाय आराखडा पाठवू नका. सोन्थायमर १९९२ साली गेले. त्यांच्या नावावर विसंबून अर्ज करू नका. आज कोण शिकवतं ते पाहूनच करा.

गुणांबद्दल एक सूचना. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. रूपांतर असं करतात : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान पास गुणांमधल्या फरकानं भागा, ३ने गुणा आणि १ मिळवा. १००पैकी ७० गुण असतील आणि पासाला ४० लागत असतील, तर उत्तर २.५ येतं. पासाची रेषा ५० धरली तर तेच २.८ होतं. म्हणून किमान गुण अंदाजानं धरू नका, तुमच्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर छापलेलेच घ्या.

प्रश्न : तिथल्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत 'ज्ञानेश्वरी' इंग्रजी स्पेलिंगनं शोधली, तर फारच थोडी पुस्तकं दिसली. संग्रहच लहान आहे का? (पुणे)

उत्तर : संग्रह लहान नाही. दक्षिण आशियाविषयीची पुस्तकं जमवण्याची जर्मनीतली राष्ट्रीय जबाबदारी २००५पासून हायडेलबर्गकडे आहे. चूक स्पेलिंगची आहे. जुन्या नोंदी शास्त्रीय रोमन लिप्यंतरात आहेत, आपल्या पाट्यांवरच्या इंग्रजीत नाहीत. 'ज्ञ'साठी आपण 'डी-एन-वाय' लिहितो, तिथे 'जे-एन' असतं. 'श'साठी 'एस-एच' नाही, नुसता 'एस'. 'व'साठी डब्ल्यू कधीच नाही, 'व्ही'च. एकाच शब्दात तीन ठिकाणी चुकल्यावर पुस्तक सापडणार कसं?

'च' तर आणखी फसवा : त्याच्यासाठी नुसता 'सी' लागतो, 'सी-एच' म्हणजे 'छ'. चोखामेळा 'सी-ओ'नं शोधा. शेवटचा 'अ'ही त्रास देतो. मराठी नोंदीत तो गाळतात, संस्कृत वळणाच्या नोंदीत ठेवतात. त्यामुळे तुकाराम शेवटी 'ए' लावून आणि न लावता, असा दोन्ही प्रकारे शोधा. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं सहसा टंकावी लागत नाहीत.

प्रश्न : जर्मनीत शिक्षण फुकट, हे खरं का? (मडगाव)

उत्तर : हायडेलबर्ग बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात येतं, आणि तिथे २०१७च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १५०० युरो शुल्क आहे. एम.ए.ला ते लागू होतं, डॉक्टरेटला नाही. सत्रवर्गणी, म्हणजे विद्यार्थी-सेवा आणि प्रशासनासाठी दर सत्राला घेतली जाणारी रक्कम, मात्र सर्वांनाच भरावी लागते.