लहान कुत्र्यासाठी वेट फूड घेताना घटक आणि पोषण कसं तपासायचं?

तुमची कुत्री ४ किलोची, दीड वर्षाची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली. समोर दोन डबे. पहिल्यावर प्रथिनं ९ टक्के आणि ओलावा ८२ टक्के, दुसऱ्यावर प्रथिनं ११ टक्के आणि ओलावा ७४ टक्के. पहिल्यात घटकांच्या यादीत चिकन सगळ्यात वर आहे, दुसऱ्यात ‘मीट बाय-प्रॉडक्ट्स’ लिहिलंय, म्हणून पहिला घ्यावा असं तुम्हाला वाटतंय. हे ‘चिकन वर आहे म्हणून’ वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. याच कारणाने आमच्या कुत्रीच्या, सुपारीच्या, पायाचं हाड मोडलं होतं.

सुपारी घरी आली तेव्हा अडीच महिन्यांची होती, वजन सव्वा किलो. कोरडं खाणं तोंडात घ्यायची आणि जमिनीवर ठेवून द्यायची. दादाने कुठूनसे छोटे डबे आणले. झाकण उघडलं की आत पांढऱ्या चिकनचे लांब धागे आणि पातळ, स्वच्छ रस्सा. घटक तीनच: चिकन, चिकनचं पाणी, थोडा तांदूळ. दादा म्हणाला, “बघ, काही भेसळ नाही. नावं वाचता येत नाहीत असं एकही केमिकल नाही. याहून चांगलं काय असणार?” घरात आजवर कुत्री वाढवली ती त्याने, त्यामुळे मी पुढे काही बोलले नाही. आणि सुपारी तर वाटी चाटत चाटत भिंतीपर्यंत ढकलत न्यायची. लसीच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाते? मी म्हटलं, वेट फूड. त्या ‘बरं’ म्हणाल्या, विषय संपला.

दोन महिने ती फक्त तेच खात होती. मग ती धावायची कमी झाली. उचलून घेतलं की कण्हायची. मला वाटलं दात येताहेत. एका संध्याकाळी पायाशी ठेवलेल्या बुटक्या पाटावरून तिने खाली उडी मारली, वीतभर उंची असेल, आणि किंचाळली. पुढचा डावा पाय लोंबत होता.

एक्स-रेमध्ये हाडं आणि भोवतीचं मांस यांच्या रंगात फरकच दिसत नव्हता. हाडाची फक्त कड होती, पेन्सिलीने हलकेच ओढावी तशी. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, काय खाते, नेमकं. मी डबा काढून दिला. त्यांनी तो फिरवला, मागच्या बाजूला बारकोडच्या वर नख टेकवलं आणि माझ्याकडे धरला. तिथे ‘कॉम्प्लिमेंटरी’ असं लिहिलेलं होतं. पूरक आहार. म्हणजे मुख्य जेवणासोबत थोडं द्यायचं खाणं. डबा खोटं काही बोलत नव्हता, मीच वाचलं नव्हतं.

झालं काय होतं ते सांगते, कारण ‘नुसतं चिकन म्हणजे शुद्ध’ म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं. नुसत्या मांसात कॅल्शियम अगदी थोडं आणि फॉस्फरस त्याच्या पंधरा-वीस पट असतो. कुत्र्याच्या खाण्यात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, जास्तीत जास्त दुप्पट. खाण्यातून कॅल्शियम मिळालं नाही तर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर ते हाडांतून काढतं. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्यात हे दिसायला फार वेळ लागतो. वाढत्या पिल्लात काही आठवडे पुरतात. जंगलातला प्राणी शिकारीचं हाडही खातो, म्हणून त्याचं भागतं. डब्यातल्या धाग्यांत हाड कुठून येणार?

सहा आठवडे ती पिंजऱ्यात होती. पिल्लांसाठीचं संपूर्ण खाणं सुरू केलं. वरून कॅल्शियमची पावडर घालू का विचारलं तर डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं, प्रमाण पुन्हा दुसऱ्या बाजूला बिघडतं. नंतरच्या एक्स-रेत हाडं पांढरी दिसली तेव्हा मी तिथेच रडले. आज ती सहा वर्षांची आहे, तो पाय किंचित बाहेर वळलेला राहिलाय. आणि दादा अजूनही म्हणतो, “जातच नाजूक गं, खाण्याचा काय संबंध.” दादा, तू हे वाचत असशील तर सांगते: तिचंच सख्खं भावंड दुसऱ्या घरी साधं पिल्लांचं खाणं खाऊन वाढलं. त्याचे चारही पाय सरळ आहेत.

तर तुमचे डबे. घटकांची यादी नंतर, आधी मागची ती एक ओळ शोधा. ‘कम्प्लीट’ किंवा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं हवं, आणि कोणत्या वयासाठी तेही. ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘फॉर इंटरमिटंट ऑर सप्लिमेंटल फीडिंग’ असेल तर ते रोजचं जेवण नव्हे, मग वर चिकन असो की आणखी काही. अमेरिकेत पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या ‘आफ्को’ या संस्थेच्या हिशोबात ओलावा वगळून वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला प्रथिनं किमान १८ टक्के, पिल्लाला २२.५ टक्के लागतात आणि कॅल्शियम अनुक्रमे ०.५ आणि १.२ टक्के. ‘स्मॉल ब्रीड’साठी त्यांचे वेगळे निकष नाहीत, त्यामुळे डब्यावरच्या त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका.

आकडे ओलावा काढूनच बघायचे. पहिल्या डब्यात ८२ टक्के पाणी, म्हणजे कोरडा भाग १८. ९ भागिले १८, प्रथिनं ५० टक्के. दुसऱ्यात कोरडा भाग २६, ११ भागिले २६, साधारण ४२ टक्के. म्हणजे ज्याचा आकडा लहान त्याच्यात प्रथिनं जास्त. दोन्ही निकषाच्या कितीतरी वर आहेत, त्यामुळे एवढ्यावरून निवडायचं काही कारण नाही.

यादीत पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात, पण वजन शिजवण्याआधीचं, पाण्यासकट. ताजं चिकन पाण्यामुळे जड असतं म्हणून वर चढतं. उलट वाटाण्याचं पीठ, वाटाण्याचं प्रथिन, वाटाण्याचा कोंडा असे तीन तुकडे केले की वाटाणा खाली खाली दिसतो. अमेरिकेतल्या नियमात डब्याचं नाव ‘चिकन’ असेल तर वरून घातलेलं पाणी सोडून ९५ टक्के चिकन लागतं, ‘चिकन डिनर’ असेल तर २५ टक्के पुरतं, आणि ‘विथ चिकन’ला फक्त ३ टक्के. डब्याच्या पुढच्या बाजूचं नावही त्यामुळे नीट वाचावं.

बाय-प्रॉडक्ट्सला नाक मुरडणं मला पटत नाही. काळीज, मूत्रपिंड, प्लीहा हे त्यात येतं आणि पोषणात ते छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा सरस आहे. सुपारीच्या डब्यात काळीज असतं तर निदान जीवनसत्त्व अ आणि तांबं तरी मिळालं असतं. हाडाचा प्रश्न त्यानेही सुटला नसता, हे खरं. यादीच्या शेवटी जी न वाचता येणारी नावं असतात, झिंक सल्फेट, कॅल्शियम कार्बोनेट, थायमिन मोनोनायट्रेट, ती दादाला ‘केमिकल’ वाटतात. ती नसलेला डबा पाहिला की मी आता परत ठेवते.

प्रथिनांच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास नको. ‘क्रूड प्रोटीन’ म्हणजे नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलेला आकडा. २००७ साली उत्तर अमेरिकेत गव्हाच्या ग्लुटेनमध्ये, म्हणजे गव्हातल्या प्रथिनात, मेलॅमाइन हे भरपूर नायट्रोजन असलेलं रसायन मिसळून हाच आकडा फुगवला गेला होता. ते ग्लुटेन वेट फूडमध्ये गेलं आणि कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून कंपनीला सरळ विचारा, पाककृती कोण बनवतं, पोषणतज्ज्ञ आहे का, तयार माल तपासता का. उत्तर टाळणाऱ्यांचं घेऊ नका.

चरबी तुम्ही लिहिलेली नाही आणि लहान कुत्र्यात तीच जास्त महत्त्वाची. समजा पहिल्यात ३ आणि दुसऱ्यात ७ टक्के आहे, तर पहिल्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६५-७० किलोकॅलरी, दुसऱ्यात ११५च्या आसपास. ४ किलोच्या, घरात राहणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या कुत्रीला दिवसाला साधारण २८० लागतात. म्हणजे पहिला चारशे ग्रॅमच्या वर खाऊ घालावा लागेल, दुसरा अडीचशेच्या आत. एवढ्याशा पोटाला चारशे ग्रॅम पेलतंय का ते तुम्हीच बघा. दर आठवड्याला वजन करा. चार किलोत दोनशे ग्रॅम वाढले तरी ते पाच टक्के होतात.

हे सगळं तब्येतीने ठीक असलेल्या कुत्र्यासाठी. स्वादुपिंडाला एकदा सूज येऊन गेली असेल, रक्तात चरबी वाढलेली असेल (मिनिएचर श्नाउझरमध्ये हे बरंच दिसतं), मूत्रपिंडाचा त्रास किंवा मुतखडा असेल तर माझा हिशोब बाजूला ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितलेलंच द्या. खाणं बदलताना आठवडाभर जुन्यात नवं मिसळत जा. आणि वेट फूडने दात खराब होतात का हा तुमचा शेवटचा प्रश्न: कोरड्या खाण्यानेही ते फारसे साफ होत नाहीत, ब्रश दोन्हीकडे करावाच लागतो.

दोन्ही डब्यांच्या मागे ‘कम्प्लीट’ आहे की ‘कॉम्प्लिमेंटरी’, हे प्रश्नात नाही. तेवढं बघून इथेच खाली लिहा, चरबीचे आकडेही द्या. मग कोणता घ्यायचा ते सांगते.