खोऱ्यात राहूनही आपण पडत का नाही?

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका गावात बालवाडी चालवते. ‘आपले गाव मलप्रभेच्या खोऱ्यात आहे,’ असे सांगितल्यावर पाच वर्षांच्या एका मुलाने विचारले, ‘बाई, खोरे म्हणजे मोठा खड्डा ना? मग आपण त्यात पडत कसे नाही?’ मला नीट उत्तर देता आले नाही. खड्डा, तळे, दरी, खोरे हे सारे इतक्या लहान मुलांना कसे समजावून सांगावे?
— एक शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : मुलाची शंका रास्त आहे, आणि थोडा दोष आपल्या भाषेचाही आहे, शेतात माती ओढण्याचे अवजार तेही खोरे आणि नदीच्या दोन्ही बाजूंचा उतरता मुलूख तोही खोरेच. त्यात आपल्या भागात कन्नड बोलणाऱ्या घरातील मूल खड्ड्याला ‘गुंडी’ म्हणते आणि शेजारच्या मराठी मुलाला सदऱ्याचे बटण आठवते. म्हणून व्याख्या बाजूला ठेवून आधी एक परात घ्यावी.

परातीत ओलसर माती थापून एका बाजूला वाटीने दाबून खळगा करावा, दुसऱ्या बाजूला बोटाने लांब चर ओढून त्याचे टोक परातीच्या कडेपर्यंत उघडे ठेवावे आणि परात त्या बाजूला किंचित कलती करावी. आता दोन्हींत तांब्याने सावकाश पाणी सोडले, की खळग्यात ते साचून राहते, चरातून मात्र वाहून जाते. साचले ते तळे किंवा डबके, वाहून गेले ती दरी किंवा खोरे, एवढा भेद या वयात पुरेसा आहे. चराच्या उतारावर एक चिंचोका ठेवून ‘हे आपले घर’ असे सांगावे. परातीतला उतार वीतभर असतो. खऱ्या खोऱ्यात तो कित्येक मैलांवर पसरलेला असल्यामुळे आपल्या पायांना जाणवत नाही, पाण्याला मात्र जाणवतो, आणि म्हणूनच कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा खानापूरवरून पूर्वेकडे वाहत जाऊन कूडलसंगमापाशी कृष्णेला मिळते.

यानंतर प्रत्येक खोलगट जागेपाशी मुलांना एकच प्रश्न विचारावा : ‘इथली माती कुठे गेली?’ माझ्या मते व्याख्यांपेक्षा हा प्रश्न अधिक शिकवतो. विहिरीची माती शेजारीच ढीग करून पडलेली दिसते. दरीतली माती आणि दगड नदीने फार मोठ्या काळात थोडे थोडे करून वाहून नेलेले असतात. गोकाकला घटप्रभा सुमारे 52 मीटर खाली कोसळते, तिथल्या घळीपाशी उभे राहिले की हे मोठ्यांनाही पटते. जांभ्याच्या खाणीपाशी तर उत्तर फारच मजेचे मिळते, कारण तिथला दगड चिरे होऊन त्यांच्यापैकी कोणाच्या तरी घराच्या भिंतीत बसलेला असतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर हा निराळा प्रकार आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा हा खड्डा उल्का आदळून झाला. ताटात कोरड्या राखेचा जाड थर देऊन वर रंगीत रांगोळी भुरभुरावी आणि उंचावरून एक गोटी सोडावी. राख उडून रांगोळीवर पांढुरके पट्टे उमटतात आणि खड्ड्याभोवती उंचवटा तयार होतो. लोणारचा काठही आजूबाजूच्या जमिनीहून उंच आहे, तो अशाच उडालेल्या दगडमातीमुळे.

खाणीचा विषय निघालाच आहे, तर तेव्हाच सांगून ठेवावे, की बंद पडलेल्या चिरेखाणीत पावसाचे पाणी साचले, की ती तळ्यासारखी दिसते. पण तळ्याला उतरता काठ असतो आणि खाणीची कड भिंतीसारखी सरळ तुटलेली असते, त्यामुळे पाय घसरलेल्याला वर येण्यासाठी धरायला काहीच सापडत नाही, शिवाय तांबड्या गढूळ पाण्यात खोलीही कळत नाही. हा फरकही परातीत दाखवता येतो : एक खळगा वाटीने करावा, दुसरा काड्यापेटी खोल दाबून, आणि दोन्हींतून चिंचोक्याला बोटाने कडेकडेने वर ढकलायला मुलांनाच सांगावे.