रजिस्टरात नसलेली मुलं मोजायला निघालेली लेक

ताई, नमस्कार.

देवगडहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही अंगणवाडी सेविका, मुलगी रत्नागिरीत टीवाय बीएस्सीला, विषय स्टॅटिस्टिक्स. वर्गातल्या मुली पुण्याला आयटीत जायचं म्हणतात आणि ही म्हणते, डेटा सायन्स शिकून लहान मुलांच्या आरोग्यातली विषमता शोधायची, पीएचडी करायची, पुढे शिकवायचं. 'हे करिअर आहे की खूळ?' असं तुम्ही विचारलंय.

करिअर आहे. आणि त्याची निम्मी शिदोरी तिला तुमच्याच घरात मिळाली आहे.

वजनाच्या दिवशी पोर काट्यावर हातपाय झाडतं, काटा ठरत नाही, आणि वहीत साडेनऊ नाहीतर दहा असा गोल आकडा पडतो. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं ठेवून घ्यायची. त्याला उभं करून मोजलं तर 0.7 सेंटिमीटर कमी भरते. मुंबईत बसून लाखभर नोंदींवर मॉडेल चालवणाऱ्याला हे कोण सांगणार? तुमच्या लेकीने ते लहानपणापासून पाहिलंय.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वहीत नसलेली मुलं. दिवाळीनंतर आंब्याच्या बागा राखायला नेपाळी कुटुंबं येतात, पावसाच्या तोंडावर परततात. चिरेखाणीवरच्या कामगारांचंही तसंच. त्यांची पोरं कुठल्या गावच्या यादीत? यादीत नसलेलं मूल कुपोषितांतही धरलं जात नाही, आणि तालुक्याचा आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. असा डेटा संगणकाला शिकवला तर तो तीच चूक वेगाने करतो. 2019 साली 'सायन्स' नियतकालिकात अमेरिकेतलं एक उदाहरण आलं होतं. तिथे एक संगणक प्रणाली रुग्णाची गरज त्याच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवत होती. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी होत असे, म्हणून तितकेच आजारी असूनही ते बरे ठरत होते. हे काम किती मोलाचं आहे, ते यावरून कळेल.

आता वाट. आधी एमएस्सी, स्टॅटिस्टिक्स किंवा बायोस्टॅटिस्टिक्समध्ये. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था माझ्या यादीत पहिली, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते. कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्थाही उत्तम, पण तिथली प्रवेश परीक्षा कठीण. गणित आत्तापासून घासायला हवं. आर आणि पायथन या संगणकाच्या भाषा येतीलच, पण नमुना निवड आणि साथरोगशास्त्र (आजार कुणात, किती, का पसरतात याचा अभ्यास) पक्कं हवं. तिथे बरेच जण कच्चे राहतात.

पैशाचं स्पष्ट सांगतो. एमएस्सीची दोन वर्षं, पीएचडीची तीन ते सहा. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि घरभाडं, म्हणजे घरावर बोजा नाही. ती न मिळता पीएचडीला उतरणं तुमच्यासारख्या घराला जड जाईल, म्हणून जेआरएफसाठी जीव तोडून अभ्यास करू दे. कायम प्राध्यापकाची जागा लगेच मिळत नाही. कित्येक हुशार मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबताना मी पाहतो. मात्र हिच्या विषयाला संशोधन संस्थांत आणि आरोग्य प्रकल्पांतही काम असतं, निव्वळ कॉलेजवर अवलंबून राहावं लागत नाही.

तोवर घरी बसून एक करता येईल. वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचं 2019-21 चं सिंधुदुर्गाचं तथ्यपत्रक तिला उघडायला सांगा. अशा पत्रकांत काही ओळींपुढे टक्क्यांऐवजी फुली (*) असते. नमुन्यात पंचवीसपेक्षा कमी जणं सापडली की टक्केवारी देत नाहीत. कुठे फुली आहे आणि तिथे कोणती मुलं होती, यावर तिने दोन पानं लिहावीत.

आणि पुढच्या वजनाच्या दिवशी तिला सोबत बसवा. तुमच्या पर्यवेक्षिकाबाईंना आधी विचारा. किती वजनं शून्यावर नाहीतर पाचावर संपतात, एवढंच तिने मोजावं. मुलांची नावं मात्र वहीबाहेर जाऊ देऊ नका. ती दोन पानं आणि हा हिशोब मला पाठवा, एमएस्सीच्या अर्जाचं त्यावरूनच बोलू.