सरपंचपदावर असताना पक्षाचे तालुकाध्यक्षपद स्वीकारता येते का?

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावची थेट निवडून आलेली सरपंच आहे. पक्षाने मला महिला आघाडीचे तालुकाध्यक्षपद देऊ केले आहे. विरोधक म्हणतात, आधी सरपंचपदाचा राजीनामा द्या. माझे पती गावातील सिमेंट रस्त्याच्या ठेकेदाराला गिट्टी व वाळू पुरवतात. त्याच ठेकेदाराकडून पक्षनिधी मिळवून द्यावा, असेही मला सुचवले गेले आहे. मी काय करावे?

उत्तर : सरपंचताई, राजीनाम्याची मागणी निराधार आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नसली, तरी निवडून आलेल्या व्यक्तीने पक्षात पद घेऊ नये असे ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ मध्ये कुठेही म्हटलेले नाही. पक्षाचे पद सरकारच्या अधीन नसल्यामुळे ते अपात्रता ओढवणारे ‘लाभाचे पद’ही ठरत नाही. शिवाय पक्षांतरबंदीचा १९८६ चा राज्य कायदा जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि नगरपालिका-महानगरपालिकांच्या सदस्यांसाठी आहे. त्यामुळे पक्षाने मासिक सभेतील मतदानाबाबत आपल्याला आदेश दिला, तरी तो न पाळल्याने आपले सरपंचपद जात नाही.

आपण ज्याचा उल्लेख जाता जाता केला आहे, तो पतींचा व्यवसायच मला खरा धोका वाटतो. अधिनियमाच्या कलम १४(१)(ग) नुसार पंचायतीच्या आदेशाने केलेल्या कामात किंवा पंचायतीच्या करारात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, हिस्सा वा हितसंबंध असेल, तर तो सदस्य अपात्र ठरतो. पती पुरवठादार आहेत एवढ्यावरून आपण आपोआप अपात्र ठरत नाही. परंतु घर एक, बँक खाते सामाईक आणि ठेकेदाराच्या देयकाला मंजुरी आपली, अशी स्थिती असल्यास अप्रत्यक्ष हितसंबंधाचा आरोप खोडून काढणे कठीण जाईल. कलम १६ खाली हा वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे जातो आणि असा अर्ज गावातील विरोधकही करू शकतात. पतींनी हा पुरवठा तातडीने थांबवावा, मात्र आजवर दिलेल्या मालाचा प्रश्न तेवढ्याने मिटत नाही. म्हणून त्या मालाची बिले व बँकेचे उतारे घेऊन आधी वकिलाला भेटा, आणि मागील तारखेचा एकही कागद तयार करू नका. वित्त आयोगाच्या निधीची देयके ज्या डिजिटल स्वाक्षरीने (डीएससी) अदा होतात, ती पतींच्या खिशात असू नये, हेही सांगून ठेवतो; गावोगावी ती बहुधा तिथेच असते.

पक्षनिधीबाबत माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. सरपंच लोकसेवक असतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ च्या कलम ७ प्रमाणे काम देण्यासाठी किंवा देयक काढण्यासाठी घेतलेला गैरवाजवी लाभ स्वतःसाठी नसून दुसऱ्या कोणासाठी असला, तरीही तो गुन्हाच आहे. पक्षाची पावती फाडल्याने त्यात फरक पडत नाही. ज्या ठेकेदाराचे देयक आपल्या सहीसाठी थांबले आहे, त्याच्याकडे निधीचा विषयही काढू नका.

तालुकाध्यक्ष झाल्यावर पक्षाची पत्रे पक्षाच्याच लेटरहेडवर काढा, त्यावर ग्रामपंचायतीचा गोल शिक्का मारू नका, आणि पक्षाच्या बैठकीसाठी ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा शिपाई यांना कामाला लावू नका. ग्रामपंचायतीचे सभागृह हवे असेल, तर इतरांप्रमाणे अर्ज करून व भाडे भरून घ्या. निवडणुकीची आचारसंहिता सुरू असताना मात्र तेही टाळा. अशा प्रकारांतूनच कलम ३९ खालील गैरवर्तनाची तक्रार उभी राहते, जिची चौकशी जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी करतात आणि पदावरून दूर करण्याचा निर्णय विभागीय आयुक्तांच्या, म्हणजे आपल्या बाबतीत अमरावतीच्या, हाती असतो.

तालुकाध्यक्षपदाची घोषणा पतींच्या पुरवठ्याचा प्रश्न निकाली निघेपर्यंत पुढे ढकलण्याची विनंती पक्षाला करावी, असे मी सुचवेन.