मेंदूतील ‘न्यूक्लियस’ला मराठीत काय म्हणावे?

तासगावच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, उंदराच्या मेंदूतील मोनोअमाइन (डोपामाइन, नॉरॲड्रेनालीन, सेरोटोनिन यांसारखी संदेश पोचवणारी रसायने) तयार करणाऱ्या चेतापेशींच्या नकाशावर मराठीत लिहिताना ‘न्यूक्लियस’साठी ‘केंद्रक’ वापरावे, की त्यांना सुचलेला ‘घड’ चालेल.

‘केंद्रक’ टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शालेय पुस्तकांपासून हा शब्द पेशीच्या आतील भागासाठी रुळलेला आहे. मेंदूच्या रचनेत मात्र न्यूक्लियस म्हणजे एकत्र वसलेल्या पुष्कळ चेतापेशी, आणि त्यांतील प्रत्येकीला स्वतःचे केंद्रक असतेच. ‘केंद्रकातील पेशींची केंद्रके’ असे लिहायची वेळ आली की घोटाळा लगेच लक्षात येतो.

‘घड’ हा शब्द तासगावच्या द्राक्षबागांतून आलेला आणि देखणा आहे, पण घडातले मणी एकाच देठाला लगडतात. या पेशींना तसा देठ नसतो. मला ‘पुंजका’ योग्य वाटतो, कारण पुंजका मध्ये दाट असतो, कडेला विरळ होत जातो आणि त्याची हद्द रेघ मारून दाखवता येत नाही.

मूळ नकाशाही असाच आहे. फाल्क आणि हिलार्प या स्वीडिश संशोधकांच्या पद्धतीने, गोठवून सुकवलेल्या ऊतीला फॉर्मल्डिहाइडची वाफ दिली की सूक्ष्मदर्शकाखाली डोपामाइन व नॉरॲड्रेनालीनच्या पेशी हिरव्या उजळतात आणि सेरोटोनिनच्या पिवळ्या. सांगलीच्या पेठेत वाढलेल्या माणसाला त्या पिवळ्यावरून हळद आठवल्याखेरीज राहत नाही. १९६४ साली डालस्ट्रॉम आणि फुक्से यांनी या पेशींची जागा उंदराच्या मेंदूत नोंदवली, तेव्हा त्या जुन्या न्यूक्लियसांच्या हद्दींत नेमक्या बसेनात. म्हणून त्यांनी मेंदूच्या मागच्या टोकाकडून पुढे येत हिरव्या पेशींचे ए-१ ते ए-१२ आणि पिवळ्यांचे बी-१ ते बी-९ असे गट पाडले. त्या गटांना ‘पुंजका’ सहज लागू पडतो.

बी गटांपैकी बहुतेक ‘रॅफे’त आहेत. या ग्रीक शब्दाचा अर्थच शिवण. मस्तिष्कस्तंभाच्या मध्यरेषेवरच्या या पेशींना ‘शिवणीतले पुंजके’ म्हणावे, ‘रॅफे केंद्रके’ नको. ‘लोकस सेरुलियस’चे, म्हणजे ए-६ गटाच्या जागेच्या लॅटिन नावाचे, मात्र ‘नीलस्थान’ करताना जपावे. माणसाच्या मेंदूत ती जागा रंगद्रव्यामुळे निळसर दिसते, उंदराच्या मेंदूत ते रंगद्रव्य तसे साठत नाही. म्हणून उंदराविषयी लिहिताना ‘ए-६ पुंजका’ असेच लिहावे आणि लॅटिन नाव एकदा सोबत द्यावे.